नथूचा बाजा आणि फेरीवाल्याचा डबा

घोटावड्याच्या नथू मातेऱ्याला आवाज देताना देवानं हात जरा आखडताच घेतला होता. चार भावांतला तो धाकटा. थोरले तिघे बांधावर बोलले तरी घरात ऐकू यायचं आणि नथू चुलीपुढं बसून बोलला तरी त्याची बायको रत्नाबाई विचारायची, "काय म्हनला?" पुण्याहून एसटीनं येताना तो घोटावडे फाट्याला "थांबवा" म्हणे, ते कंडक्टरपर्यंत पोचत नसे आणि नथू पौडला उतरून उलटा चालत येई. त्याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. केली असती तरी ती कुणाला ऐकू गेली असती, हा प्रश्नच होता.

ह्या माणसाकडं एक माउथ ऑर्गन होता. तरुणपणी तो मुंबईला गोदीत हमालीला गेला होता, तिथं एका गोव्याच्या खलाशानं आगबोटीवर चढताना तो त्याच्या हातावर ठेवला. का ठेवला ते नथूला कळलं नाही, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. नथूनं तो वाजवून वाजवून आपलासा केला. गौळणी, लग्नातल्या गाण्यांच्या चाली, सिनेमातली गाणी, जे कानावर पडेल ते दोन दिवसांत त्याच्या बाजातून बाहेर येई. गावात ह्या वस्तूला 'नथूचा बाजा' म्हणत, आणि माउथ ऑर्गन हे त्याचं खरं नाव आहे असं कुणी सांगितलं असतं तर लोकांना ते खोटं वाटलं असतं.

पौडच्या हैबतरावांची करमणुकीची पार्टी होती. एक ढोलकी, एक पेटी, दोन गाणारे आणि एक नकला करणारा. यात्रांना आणि लग्नांना त्यांची बोलावणी असत. गाणारे दमले की मध्ये नथू उभा राहून दोन-तीन चाली वाजवी. तेवढा वेळ लोक त्याच्याकडं बघत, त्याच्यासाठी गप्प बसत. घरात जे सुख त्याला कधी मिळालं नाही ते त्याला त्या फळ्यांच्या स्टेजवर मिळे, आणि त्या सुखावर त्याचं वर्ष निघे.

पण साठ सालच्या सुमारास यात्रांना गर्दी फार वाढली. गाणारे खड्या गळ्याचे, त्यांना काही फरक पडला नाही. नथूचा बाजा मात्र तिसऱ्या रांगेच्या पलीकडं जाईना. मागचे लोक शेंगा सोलायला लागत, पुढचे त्यांच्याकडं वळून बघत, आणि नथू मधल्यामध्ये वाजवत उभा. शेवटी हैबतरावांनी त्याला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण पार्टी चालवायची म्हणजे मन घट्ट करावं लागतं.

"नथू, तुज्या गावची यात्रा तोंडावर आलीया. तितं मागच्या मानसाला बाजा ऐकू आला, तर तू पार्टीत ऱ्हाशील. न्हाई आला, तर म्या एक क्लॅरनेटवाला सांगून ठिवलाय. राग मानू नगंस."

नथूनं राग मानला नाही. त्याला भीती वाटली. पार्टी सुटली की तो पुन्हा नुसता चार भावांतला धाकटा उरणार होता, आणि ते त्याला आता सोसणार नव्हतं.

आवाज मोठा करायचं मशीन पुण्याला मिळतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ते बॅटरीवर चालणारं हवं. मुळशीचं पाणी घाटाखाली सोडून त्यावर केलेली वीज मुंबईला जात होती, तिथं रात्रभर दिवे जळत होते आणि मुळशीत मात्र यात्रेला गॅसबत्त्या भाड्यानं आणाव्या लागत होत्या. ह्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं, हेच विशेष.

पैशासाठी विकण्याजोगं घरात एकच होतं, रत्नाबाईच्या शेळ्या. नथूनं विषय काढला आणि तिनं दोनदा "काय म्हनला?" विचारल्यावर तिसऱ्यांदा सांगितला.

"इका," रत्नाबाई म्हणाली. "म्या तुमचा बाजा कार्येक्रमात कंदी ऐकलाच न्हाई. आमी बायका बसतुया मागं, देवळाच्या पायरीवर. तितनं नुसतं तुमचं गाल फुगल्यालं दिसत्यात."

इतक्या वर्षांत हे नथूच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

मशीन निवडायला बरोबर कुणाला न्यावं, ह्यावर त्यानं बराच विचार केला. जाणकार असा गावात कुणी नव्हताच. मग त्यानं शेजारच्या कोंडिबातात्यांना विचारलं. कोंडिबातात्या बैलांचे जाणकार. पंचक्रोशीत कुणी बैल घ्यायला निघाला की तात्यांना आधी हाळी द्यायचा. ॲम्प्लिफायर आणि बैल ह्यांत फरक असतो, हे दोघांनाही माहीत होतं. पण वस्तू घ्यायला जाताना एक घासाघीस करणारा माणूस बरोबर असावा, एवढंच त्यांनी बघितलं.

बुधवार पेठेतल्या एका बोळात घैसासांचं रेडिओचं दुकान होतं. घैसासांनी नवंकोरं मोठं मशीन दाखवलं. चकचकीत पत्रा, समोर चार बटणं, उभ्या दांड्यावरचा माइक आणि परातीएवढ्या तोंडाचा कर्णा. कोंडिबातात्यांनी मशीनवरून हात फिरवला, खालून चाचपलं, पाठीवर दोन थापा मारल्या.

"किती वर्साचं हाय?"

"अहो पाटील, नवीन आहे. कालच पेटी फोडली."

"मंग त्येचा सभाव कुनालाच म्हाईत न्हाई म्हना की."

घैसासांनी चष्मा पुसला. नथूनं दुकानात बाजा वाजवून पाहिला. चार भिंतींत आवाज दणदणीत आला, बोळातली माणसं थांबली. नथूचा जीव त्या मशीनवर जडला. तो पिशवीत हात घालणार, तेवढ्यात तात्यांनी त्याचा दंड धरला.

"औताला धरल्याबिगर आमी बैल घेत न्हाई. विसार घ्या, मशीन द्या. आमच्या रानात चालवून बघतो. न्हाई चाललं तर परत."

"पाटील, हा बैल नाही."

"व्हय, ते दिसतंय मला."

असल्या व्यवहाराची पुण्याच्या पेठेत रीत नव्हती. पण तात्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. हा माणूस आता दिवसभर उठत नाही, हे घैसासांनी ओळखलं. ओरखडा पडला तर परत घेणार नाही, असं बजावून त्यांनी विसारावर मशीन दिलं.

पिरंगुटच्या सायकलवाल्याकडून मोटारीची बॅटरी भाड्यानं घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नथूच्या खळ्यावर मशीन उभं राहिलं. निम्मं गाव जमलं. नथू दांड्यापुढं उभा राहिला, वाजवू लागला. उघड्यावर आवाज पार विरून गेला. त्यानं बटण फिरवलं. जरा बरं वाटलं. आणखी फिरवलं, आणि कर्ण्यातून अशी काही शिट्टी फुटली की गावातली कुत्री एकसाथ ओरडायला लागली. तात्यांचा थोरला बैल दावं तोडून ओढ्याकडं पळाला. बटण खाली केलं की बाजा ऐकू येईना, वर केलं की शिट्टी. असं बराच वेळ चाललं, आणि दुसरी चाल संपायच्या आत बॅटरीनं मान टाकली.

"खातंय लई, चालतंय कमी," बैल बांधून परत आलेल्या तात्यांनी निकाल दिला.

"नथ्या, कोल्हा पाळलास का रं?" कुणीतरी विचारलं, आणि माणसं हसत हसत घरी गेली. नथूही हसला. पण त्या दिवशी त्याला भाकर गोड लागली नाही. शेळ्यांच्या गिऱ्हाइकाकडून पैशाची उचल घेऊन झाली होती, यात्रा दारात होती, आणि आपला बाजा आहे तोच बरा असं म्हणायची सोयही राहिली नव्हती.

मशीन परत घेऊन दोघं पुण्याला आले. तात्या विसारावरून घैसासांशी हुज्जत घालत होते, तेव्हा नथूला कोपऱ्यात एक पोपडे उडालेला लाकडी डबा दिसला. त्याला एक लहान कर्णा होता आणि वायरीच्या टोकाला वाटीएवढा गोल माइक.

"ते तुमच्या कामाचं नाही," घैसास म्हणाले. "केसाच्या तेलाचा एक फेरीवाला वापरायचा. हातात धरून बोलायचा माइक आहे. आवाज घोगरा येतो, म्हणून त्यानं विकून टाकलं."

घैसासांनी नाइलाजानं डबा चालू करून दिला आणि नथूनं तो गोल माइक डाव्या हातात घेतला. रानात वाजवताना वारा आला की तो बाजा दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकून धरी. तसाच त्यानं बाजा माइकसकट झाकला आणि हळूच फुंकला.

कर्ण्यातून जो आवाज आला तो ऐकून तात्या हुज्जत घालायचे थांबले. बाजाचा आवाज एरवी पातळ, टोकदार. ह्या डब्यात तो जाड झाला होता, भरदार झाला होता. तेलवाल्याच्या गळ्याला ज्या घोगरेपणानं बट्टा लावला, त्यानंच बाजाला अंग आलं होतं. घैसास शिट्टीच्या भीतीनं दोन पावलं मागं सरकले होते, पण शिट्टी झाली नाही.

"बरोबर आहे," ते पुन्हा पुढं येत म्हणाले. "माइक बाजाला चिकटलेला, म्हणून बटण फार वाढवावं लागत नाही. वाढवलं नाही की शिट्टी नाही. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं."

"ह्योच द्या," नथू म्हणाला. कुणीही "काय म्हणालात" असं विचारलं नाही.

तात्यांनी हाही डबा औताला धरल्याशिवाय पैसे देऊ दिले नाहीत. खळ्यावर पुन्हा बॅटरी आली, नथू वाजवायला लागला आणि तात्यांनी आपलं लक्ष सगळं बैलाकडं लावलं. बैलानं एकदा कान हलवले आणि तो पुन्हा रवंथ करायला लागला. बॅटरीही संध्याकाळपर्यंत टिकली. तात्या दुसऱ्या दिवशी एकटेच पुण्याला जाऊन डब्याचे पैसे चुकते करून आले. मोठ्या मशीनच्या मानानं डबा इतका स्वस्त पडला की रत्नाबाईची एक शेळी घरीच राहिली.

चैत्रात भैरोबाची यात्रा भरली. कुस्त्या उरकल्या, दिवेलागणीला हैबतरावांच्या पार्टीनं स्टेज धरलं. कर्णा तात्यांनी स्वतः स्टेजपुढच्या लिंबाच्या फांदीला बांधला, लोकांकडं तोंड करून. स्टेजच्या कडेला एक परका माणूस मांडीवर काळी पेटी घेऊन बसला होता. तो क्लॅरनेटवाला, हे नथूला कुणी सांगायची गरज नव्हती.

नथूची पाळी आली. त्यानं माइक ओंजळीत घेतला आणि पहिली चाल धरली. कर्णा त्याच्या पुढं, लोकांकडं वळलेला, त्यामुळं त्याला स्वतःला फारसं काही ऐकू येईना. आणि समोर सगळं चिडीचूप. एरवी मागच्या बाजूला जी कुजबुज सुरू होई तीही नाही. नथूनं आयुष्यात एवढी शांतता कधी पाहिली नव्हती, म्हणून त्याला तिचा अर्थ लागेना. त्याला वाटलं, डबा बंद पडला. दुसऱ्या चालीत कडवं उचलायच्या आधी त्यानं घाबरून वायरीकडं पाहिलं, आणि तिथं त्याचा एक सूर सुटला. त्यानं कसंबसं सावरलं, तिसरी चाल वाजवली आणि घाम पुसत मागं जाऊन बसला. लोक ओरडत होते, टोप्या उडवत होते, पण ते नकला करणाऱ्यासाठी असेल असं त्याला वाटलं. तो त्याच वेळी स्टेजवर येत होता.

कार्यक्रम संपल्यावर क्लॅरनेटवाला उठला. त्यानं काळी पेटी काखेत मारली, गुडीशेवेचा पुडा घेतला आणि तो पौडच्या वाटेला लागला. पेटी त्यानं उघडलीच नव्हती. हैबतराव नथूपाशी आले.

"परवा मारुंजीला लगीन हाय. डबा घिऊन ये, बॅटरी म्या आनतो," एवढंच बोलून ते गॅसबत्त्या मोजायला गेले.

नथू तसाच उभा राहिला. हैबतरावांनी ठेवून घेतलं होतं, तेव्हा बाजा ऐकू आला असणार, हे त्याच्या डोक्याला पटत होतं. पण ह्या माणसाला ऐकू जाण्याची सवयच नव्हती, त्याचा जीव काही खाली बसेना. डबा खांद्यावर घेऊन तो घरी आला. रत्नाबाई देवळाच्या पायरीवरून त्याच्या आधीच येऊन पोचली होती. तिनं ताट वाढलं, पोळीवर तूप घातलं आणि पुढ्यात बसली.

"अवो, येक इचारू का?"

"इचार."

"त्या दुसऱ्या गान्यात, कडव्याच्या आदी, तुमी अडाखळला व्हता का?"

नथूचा घास हातातच राहिला. मग त्याचे डोळे भरून आले आणि तो हसायला लागला, एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या खोलीतून थोरल्या भावानं काय झालं म्हणून विचारलं. छातीवरचं ओझं कुणी उचलून खाली ठेवावं तसं त्याला झालं. रत्नाबाई ओशाळली.

"तसं न्हाई, बाकी समदं झ्याक झालं. येवढंच जरा…"

"कुटं बसली व्हतीस?"

"मागं. येकदम वरच्या पायरीवर."

"मंग परत सांग," नथू म्हणाला. "कुटं चुकलो म्या?"

आणि तिनं त्याला परत सांगितलं.