डाव्या हाताची सही

बँकेत त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. आता खरं सांगायचं तर लष्करात ते कॅप्टनबिप्टन कुणी नव्हते. लढाई पेटली तशी बँकेतून बिनपगारी रजा घेतली, भरती झाले आणि ती संपेपर्यंत दारूगोळ्याचा ट्रक हाकला. पण बँकेतल्या मंडळींना टोपणनावं ठेवायची भारी हौस, आणि कॅप्टननाही ते नाव मनातून आवडायचं.

त्या लढाईत उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली. तीही शत्रूच्या गोळीनं नाही, आपल्याच ट्रकच्या मागच्या फाळक्यात सापडून! "एवढ्या गोळ्यांतून सुटलात आणि त्या मेल्या फाळक्यानं घात केला," असं म्हणून बायको आधी हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

बँकेनं परत घेतलं खरं, पण बसवायचं कुठं? कॅप्टन चेक पास करणारे अधिकारी. अशा माणसाच्या सहीचा नमुना सगळ्या शाखांत गेलेला असतो. सहीच करता येत नाही त्याला त्या खुर्चीवर कोण बसवणार? नवा मॅनेजर म्हणजे कॅप्टनच्याच हाताखाली शिकलेला पोरगा. हे लढाईवर असताना तो वर चढला. तो अवघडून म्हणाला, "तीन महिने घ्या. डाव्या हातानं सही बसवा. नाहीच जमलं तर रेकॉर्ड रूम आहे. पगार तोच राहील."

पगार तोच म्हणे! कॅप्टनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली कोंदट खोली. तिथं गेलेल्या माणसाला चहाच्या वेळीसुद्धा कुणी हाक मारत नसे. त्या खुर्चीसाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. ती अशी सोडायची?

मग घरात शाळा भरली. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला पहिलीतली लेक अक्षरं गिरवतेय, दुसऱ्या बाजूला बाप आपली जुनी सही समोर ठेवून गिरवतोय. "बाबा, तुमचं ओळीच्या खाली जातंय," असं लेक बजावायची. हात भरून यायचा, कॅप्टन वैतागून पेन आपटायचे आणि पुन्हा उचलायचे. शेवटी एक दिवस नवी सही जुनीवर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले, तर रेघेला रेघ जुळली. "अगदी हुबेहूब हो!" बायको म्हणाली.

मुदत भरली त्या दिवशी कॅप्टननी ऐटीत सह्यांचा कागद भरून दिला. मॅनेजरनं भिंग लावून तो पाहिला आणि भिंग खाली ठेवलं.

"ही सही चेकवर आली असती तर मी चेक परत पाठवला असता."

"का? जुळत नाही?"

"जुळतेय ना, तीच तर पंचाईत आहे. सगळ्या एकसारख्या. खरा माणूस कधी दोनदा तंतोतंत सही करत नाही, तशी बनावट सही करणारा करतो. हे मला तुम्हीच शिकवलंत, साहेब."

कॅप्टनचं तोंड एवढंसं झालं. इतके दिवस घाम गाळून आपण स्वतःचीच नक्कल बसवत होतो! अरे देवा, दुसऱ्या कुणी केली असती तर एका नजरेत पकडली असती.

"मग काय करू?" ते ओरडलेच. "माझी सही तीच आहे!"

"ती उजव्या हाताची होती. डाव्याची कुठली, ते मला अजून दिसलेलंच नाही."

कॅप्टननी रागारागानं कागद ओढला आणि समोर काही न ठेवता डाव्या हातानं नाव खरडलं. अक्षरं मागे कललेली, शेवटचा फटकारा जाडजूड. पुन्हा केली. पुन्हा. दर वेळी थोडी वेगळी, पण माणूस एकच. मॅनेजरनं जुना नमुना काढून त्यावर 'रद्द' लिहिलं, तेव्हा कॅप्टनना गलबलून आलं. मग नवं कार्ड पुढं आलं आणि त्यांनी झटक्यात सही ठोकली.

"चला, बसा आता खुर्चीवर," मॅनेजर म्हणाला, "काउंटरवर लोक खोळंबलेत."

संध्याकाळी दार उघडताच बायकोनं विचारलं, "जमली का हो पहिल्यासारखी?"

"छे, नाही जमली."

तिचा चेहरा पडला.

"दुसरी केली," कॅप्टन म्हणाले. "तीच चालू झाली आजपासून."