ऑडिटबाईचा आखाडा

ऑडिटबाई हरली की उठून उभी राहायची, टीव्हीला हात जोडायची आणि म्हणायची, "बरोबर मारलंस. परत ये." मग चष्मा पुसून पुन्हा बसायची. समोर माणूस नसायचा. टीव्हीतल्या कुठल्या तरी झिपऱ्या पैलवानाने तिच्या भिडूला लोळवलेलं असायचं, त्याला हा नमस्कार. सेहेचाळीस वर्षांची बाई, केंद्र सरकारच्या ऑडिट खात्यातली अधिकारी, खळ घातलेली सुती साडी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आपण गच्चीवरची खोली वेड्या बाईला दिली. पुढे कळलं की तिचं डोकं जागेवर होतं. आमच्यापेक्षा जास्त जागेवर होतं.

कलकत्त्यात बागबाजारच्या आमच्या घरात ती साडेतीन वर्षं भाड्याने राहिली. तळमजल्यावर मी, मधल्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ कुसुम आणि वर ऑडिटबाई. आमचे सासरे सांगलीकडून इथे सोनं गाळायच्या धंद्याला आले. ते गेल्यावर दोन भावांनी एका दुकानाची दोन केली. वाटणी शांतपणे झाली. भांडण झालं ते पाटीवरून. सासऱ्यांचं नाव पाटीवर कुणी लावायचं? दोघांनीही लावलं, तेही समोरासमोर, आणि एकमेकांची गिऱ्हाइकं ओढत बसले. मग आधी माझा नवरा गेला, दोन वर्षांनी कुसुमचा. मुलं नोकऱ्यांना लागली, दुकानं बंद झाली, पाट्या भंगारात गेल्या. कुसुम आणि मी मात्र बोलत नव्हतो ते नव्हतोच. अकरा वर्षं. मराठ्यांना अडवायला कलकत्त्याने खणलेला खंदक म्हणे इथे बागबाजारातूनच सुरू व्हायचा. त्या खंदकाच्या आत बसून आम्ही दोघी मराठणी एकमेकींनाच अडवत होतो.

संक्रांतीच्या तिळगुळाचं बोलावणं दोघी एकाच दिवशी, एकाच वेळी करायचो. ओळखीच्या मराठी बायका मिळून बारा. त्या बिचाऱ्या आधी माझ्याकडे बसायच्या, मग जिना चढून तिच्याकडे. पहिल्या वर्षी ऑडिटबाईही दोन्हीकडे जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काकू, दोन्हीकडचा तिळगूळ एकच आहे. सुंठ जास्त, वेलदोडा नाही."

"माझ्या सासूची रीत आहे ती."

"धाकट्या काकूंचीही तीच सासू ना?"

"तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. मी फक्त नोंदवलं."

हे तिचं नेहमीचं होतं. भाजीत मीठ कमी पडलं, जिन्याची पायरी फुटली, कामवाल्या मालतीने झाडताना कोपरा सोडला, सगळं ती नोंदवायची आणि गप्प बसायची. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तिच्या खोलीतून संध्याकाळी खट-खट-खटाखट असा आवाज यायचा. एका रविवारी मी वाळत घातलेल्या वड्या आणायला गच्चीवर गेले तेव्हा आत डोकावले. मांडीवर पोळपाटाएवढी फळी, तिच्यावर एक दांडा आणि सहा बटणं. शेजारी वाटीत मुढी, म्हणजे इथले तेल लावलेले कुरमुरे, ते चमच्याने खायची, तेलाचे हात बटणांना लागू नयेत म्हणून. मी विचारलं, हे काय?

ती म्हणाली, "काकू, हे दोन कंपन्यांचं भांडण आहे. दोघी टीव्हीवर खेळायचे मारामारीचे खेळ काढायच्या आणि एकमेकींच्या गिऱ्हाइकावर टपलेल्या असायच्या. हिचा कराटेवाला, तिचा कुंगफूवाला. पोरं विचारायची, हे दोघे भिडले तर कोण जिंकेल? शेवटी कंपन्यांनी ठरवलं, भिडवूनच बघू. तुझे भिडू आणि माझे भिडू एकाच आखाड्यात."

"आणि कंपन्या? त्या एक झाल्या?"

"छे. दुकानं वेगळीच राहिली."

तिचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे कॉलेजची दोन वर्षं तिने इथेच काढली होती. तेव्हा एस्प्लनेडजवळच्या एका दुकानात नाणं टाकून ती हे खेळ खेळायची. सगळी मुलं, ही एकटी मुलगी, आणि हिच्यामागे रांग, कारण ही हरायचीच नाही. बदली होऊन आल्यावर ती ते दुकान शोधत गेली. तिथे मोबाइलची कव्हरं विकायला ठेवलेली. "मग एक कव्हर घेतलं," म्हणाली.

त्या दिवशी तिने तसलीच दुसरी फळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मला एक लठ्ठ पैलवान मिळाला. त्याचा मोठा डाव लागायला दांडा पूर्ण गोल फिरवून बटण दाबावं लागतं. शिकलेल्या पोरांनाही जमत नाही म्हणे. मी लहानपणी पहाटे उठून जातं ओढलेलं. दोन प्रयत्नांत माझ्या पैलवानाने समोरच्याला उचलून आपटला. ऑडिटबाई उठून उभी राहिली. मला वाटलं, आता मलाही नमस्कार करते. केलाच.

मग मी दर रविवारी दुपारी जायला लागले. हा खेळ काही शहाणपणाचा नाही, पण भजनाला जाऊन इतरांच्या सुनांच्या तक्रारी ऐकण्यापेक्षा बरा.

आमच्या खटखटीचा त्रास खाली कुसुमला. एका रविवारी ती जिना चढून भांडायला वर आली. दार उघडं होतं. "अहो ऑडिटबाई, माझ्या डोक्यावर काय सुपारी कातरताय का?" एवढं बोलली आणि तिला मी दिसले. मी, पंचाहत्तर वर्षांची, मांडी घालून, फळी घेऊन. तिचं तोंड उघडंच राहिलं. माझा पैलवान तेवढ्यात मेला.

ऑडिटबाई म्हणाली, "बसा, धाकट्या काकू. मला समोर दोघं हवेतच."

कुसुम बसली. का बसली ते मला माहीत होतं. तिच्या मुलाला न्यू टाउनला कंपनीत नोकरी, तिथेच त्याने फ्लॅट घेतला होता आणि चैत्रात ती तिकडे जाणार होती. मालतीने मला महिनाभर आधीच सांगितलं होतं. मी "जाऊ दे" म्हटलं होतं, पण त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. एका घरात राहून बोललो नाही, तर बसचा दीड तास मध्ये आल्यावर काय बोलणार होतो? ती गेली की विषय संपला. मी मेले तर ती दहाव्याला येईल, ती मेली तर मी. एवढंच उरलं असतं.

त्या खेळात जोडीने उतरता येतं. एक भिडू या कंपनीचा, एक त्या कंपनीचा. पहिला पडला की दुसरा येतो. जोडीला मिळून चार ठिपके असतात, ते ताकदीचे. दोघांत कसे वाटायचे ते आपण ठरवायचं आणि आधी कोण उतरणार तेही. ऑडिटबाई एका बाजूला, आम्ही दोघी दुसऱ्या बाजूला.

मी म्हटलं, "तिला सांग, आधी मी उतरते."

कुसुम म्हणाली, "त्यांना सांगा, मला चालेल."

ऑडिटबाईने फळी खाली ठेवली. "मी समोरच्या बाजूची आहे. शत्रूमार्फत निरोप पाठवत नाहीत. तुमचं तुम्ही बोला."

खाली गल्लीत मासेवाला ओरडून गेला. मी रागाने माझ्या पैलवानाला तीन ठिपके दिले आणि तिच्या भिडूला एक ठेवला.

आणि कुसुम फुटली. "नेहमीचंच आहे हे! थोरल्यांना तीन, आम्हाला एक! नाव तुम्हाला, मान तुम्हाला, मामंजींची पाटीसुद्धा तुम्हालाच हवी!"

"तुझ्या नवऱ्याने समोर दुकान थाटलं ते?"

"मग कुठे थाटायचं, हावड्याला?"

"हो, हावड्याला थाटायचं!"

"आणि मामंजींना शेवटी भरवत कोण होतं? तुमच्याकडचं की आमच्याकडचं?"

"भरवत मी होते!"

"सकाळी तुम्ही, अक्का. रात्री मी."

हे खरं होतं. सकाळी मी भरवायचे, रात्री ती. अकरा वर्षांत मी रात्रीचं विसरले होते. सोयीचं होतं म्हणून विसरले होते. खोटं बोलायची सवय नाही आणि खरं बोलायचं तर तिची बाजू मोठी व्हायची.

ऑडिटबाई मुढी खात होती. मी विषय बदलायला तिला विचारलं, "काय गं, त्या दोन कंपन्यांच्या खेळाला नाव कुणाचं आधी लावलं?"

"ज्या कंपनीने खेळ बनवला तिचं आधी. मग दुसरीने बनवला, तेव्हा दुसरीचं आधी."

"आलटून पालटून?"

"हो."

"भांडणं नाही झाली?"

"झाली असतील. पण खेळ आले."

मी कुसुमकडे बघितलं. ती माझ्याकडे. आमच्या दोन शहाण्या नवऱ्यांना हे सुचलं नव्हतं. एक वर्ष यांचं नाव आधी, एक वर्ष त्यांचं. पाटी रंगवणारा तर गल्लीतच होता. कुसुम आधी हसली. तिचं हसणं तसंच होतं, नाकातून. मग मीही हसले, आणि अकरा वर्षांचं हसू साठलं होतं की काय कुणास ठाऊक, दोघींना आवरेना.

मी ठिपके दोन-दोन केले. "तू आधी उतर," मी म्हटलं.

"मला मारता येत नाही, अक्का."

"मारू नकोस. मागे ओढून धर. मार अडतो म्हणे तसा."

कुसुमला मारता येत नव्हतं, पण अडवता असं यायचं की काय सांगू! मागे ओढून बसली ती बसलीच. ऑडिटबाई लाथा घालून घालून घामाघूम झाली. "खाली बस! खाली मारतेय ती! आता उभी राहा!" मी ओरडत होते. समोरच्या घरातल्या बंगाली मावशी, मासिमा, खिडकीत येऊन काय झालं, काय झालं म्हणून विचारायला लागल्या. शेवटी कुसुमचा भिडू पडला, पण ऑडिटबाईच्या पहिल्याला अर्धमेला करून पडला. मी फळी हिसकावली आणि त्याला उचलून आपटला. तिच्या दुसऱ्याने मग मला लोळवलं. हरलो आम्ही. पण तोवर अंधार पडायला आला होता आणि दोघींच्या घरी दिवे लावायचे राहिले होते. त्या दिवशी मी कुसुमकडेच जेवले. तिने विचारलं नाही, पान वाढलं.

चैत्रापर्यंत आम्ही सगळे रविवार खेळलो. जिंकलो मोजून चार वेळा. ऑडिटबाई मुद्दाम कधी हरली नाही. म्हाताऱ्या आहेत म्हणून सोडून द्यावं, असली दया तिच्याकडे नव्हती, आणि म्हणूनच ती मला आवडायची. आम्ही जिंकलो की ती उठून उभी राहायची, हात जोडायची, "बरोबर मारलंत" म्हणायची आणि काय चुकलं ते पुढचा अर्धा तास नोंदवत बसायची.

कुसुम न्यू टाउनला गेली. मी टेम्पोबरोबर गेले, देवघर मांडीवर घेऊन, कारण टेम्पोवाल्याचा मला भरवसा नव्हता. आता एक रविवार मी तिकडे जाते, एक रविवार ती इकडे येते. बसला दीड तास लागतो. गर्दी असते. तक्रार करतो आणि जातो.

पुढच्या वर्षी ऑडिटबाईची गुवाहाटीला बदली झाली. मला वाटलं होतं, मी खेळायचे ती फळी इथे ठेवून जाईल. नाही ठेवली. पुरणाच्या डब्यासारखी दोन साड्यांत गुंडाळून घेऊन गेली. बरोबर केलं, तिची होती ती. जाताना पाया पडली, जिन्याची फुटकी पायरी पुन्हा नोंदवली आणि टॅक्सीत बसली. रडारड काही झाली नाही. कुसुमने डोळे पुसले, पण तिला ती सवयच आहे.

मागच्या महिन्यात कुसुमच्या घरून आम्ही तिला फोन लावला. बरीच बडबड झाली. शेवटी मी सरळ विचारलं, "खरं सांग. आम्ही बोलावं म्हणून तू मुद्दाम बसवलंस ना दोघींना एका बाजूला?"

"नाही हो काकू," ती म्हणाली. "तुम्ही एकट्या फार लवकर हरायचात. मला कंटाळा यायचा."

कुसुम नाकातून हसली. उत्तर मला पटलं. आमचं भलं करायला निघाली आहे असा नुसता वास जरी आला असता, तरी मी त्याच दिवशी वड्यांचं ताट उचलून खाली उतरले असते.