हरभऱ्यातली ज्वारीची ताटं

"हरभरा घाट्यावर आलाय, ये," असं ताईचं पत्र आलं आणि मी पुण्याहून सकाळची गाडी धरली. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबते, तेवढ्यात गरम भजी खाऊन होतात. सोलापुरातून कुंभारीची एसटी रुपयाच्या आत पोचवते. पुढे मैलभर चालायचं, म्हणून जुनंच पातळ नेसा.

ताईच्या रानात ज्वारीमध्ये करडईच्या ओळी, बांधाला बोरी आणि पलीकडे हरभरा. खतासाठी मेंढरं बसवलेली, शेणखत घातलेली ती काळी माती इतकी भुसभुशीत, की टाच रुतत होती. हरभऱ्यात मधेमधे ज्वारीची एकटीदुकटी ताटं उभी होती. पेरताना सांडली असतील, असं मला वाटलं.

दाजी काळजीत होते. हरभऱ्याचे घाटे, म्हणजे दाण्यांच्या शेंगा, अळीनं पोखरले होते. त्यांनी अळीवर विषारी पावडर मारायचं यंत्र मागून आणलं होतं.

"मग घाटे भाजून हुळा करायचा, त्यो काय पावडर लावून खायचा व्हय?" ताई म्हणाली. "आन् पाखरं मरतील ती? दोन दिस थांबा की."

"थांबलो. वर्साची डाळ गेली तर पाखरांकडं माग!"

सकाळी मी एकटीच रानात गेले. ताटांवर साळुंक्या आणि कोतवाल पक्षी बसलेले. कणसं खातायत! टाळ्या पिटून, पदर हलवून मी एकूणएक पाखरू उडवलं.

ताई धावत आली. "अगं बया, काय केलंस! त्येंनी बसावं, अळी टिपावी, म्हणून तर मी हरभऱ्यात ज्वारी टाकल्ती!"

दाजी पोट धरून हसले. "मेव्हणीबाई आमच्या बाजूच्या निघाल्या की!"

मला रडूच आलं. ताईच्या दोन दिवसांतला एक मी घालवला होता. पाखरं परत यावीत म्हणून आम्ही दोघी बांधावर बसून राहिलो. उन्हं कलताना एक कोतवाल आला, ताटावरून खाली झेपावला आणि चोचीत हिरवी अळी घेऊन परतला. मग साळुंक्या आल्या. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

दुसऱ्या दिवशी दाजींनी झाडं झटकून पाहिली. अळ्या पडल्या, पण थोड्या.

"आणखी दोन दिस बघू," ते पुटपुटले.

मला निघावंच लागलं. पुण्यात ताईनं बांधून दिलेले घाटे सोलताना एखादा पोखरलेला निघे. पूर्वी मी नाक मुरडलं असतं. आता वाटे, एवढा वाटा कुणाचातरी असायचाच. ताईचं काय झालं असेल, ही हुरहूर मात्र जात नव्हती.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. "यंत्र न वापरता परत दिलं. डाळ वर्साची हुईल. ताटं लावायची युक्ती आपलीच, असं तुझे दाजी गावभर सांगत फिरत्यात. मी काय बी बोलले न्हाय. पाखरं हायेत, लई झालं."