उघडी राहिलेली कनेक्शनं

पेणला आमचं सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस आहे. माणसं मोजकीच, पण चहाला बसलो की किस्से संपत नाहीत. त्यातले निम्मे उघड्या राहिलेल्या कनेक्शनचे. प्रोग्रॅमला माहिती हवी असली की तो डेटाबेसशी कनेक्शन उघडतो. काम झालं की ते बंद करायचं असतं. नाही केलं तर उघडी कनेक्शनं साठत जातात, नव्याला जागा उरत नाही आणि सगळंच ठप्प.

*

म्हात्रेकाकांचा गणपतींचा कारखाना आहे. ऑर्डरी आमच्या सॉफ्टवेअरवर. ते रोज दुपारी अडकायचं, पण काकांनी कधी तक्रारच केली नाही. एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, "बरा चाललाय की. जेवून आलो की बंद करून चालू करतो. त्याला पण वामकुक्षी लागते."

*

ऐन सीझनला मात्र ते सकाळीच अडकलं. मूर्ती न्यायला आलेले टेम्पो रस्त्यावर खोळंबले, काकांचा आवाज रडवेला. आमच्यातली सगळ्यात नवी प्राजक्ता धावली. कनेक्शन बंद करायची ओळ कोडच्या शेवटी होती. एखाद्या ऑर्डरीत फोन नंबर नसला की मध्येच एरर यायचा आणि ती ओळ चालायचीच नाही. मध्ये काहीही झालं तरी कनेक्शन आपोआप बंद होईल, असं तिनं लिहून टाकलं. टेम्पो हलले. काकांनी तिच्या हातावर शाडूचा इवलासा उंदीर ठेवला. "डोळे तूच रेख गो," म्हणाले.

*

हे बघून आमचे सीनियर संदेशदादा पेटले. दिसेल ते कनेक्शन बंद करत सुटले. एका ठिकाणी यादी पुरती वाचून व्हायच्या आतच बंद केलं, स्क्रीन कोरी. प्राजक्ता हळूच म्हणाली, "दादा, पंगत जेवतेय, पानं नका उचलू."

*

मग जिते गावात प्राजक्ताच्या घरी तिला बघायला वरसे गावाहून मंडळी आली. तिला लग्नच करायचं नव्हतं; आईच्या शब्दाखातर मान खाली घालून बसली होती. मुलाच्या आईनं विचारलं, नक्की काम काय करतेस? स्थळ टळावं म्हणून तिनं खरं तेच तुटकपणे सांगितलं, "उघडलेलं असतं ते बंद करते."

बाई मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याला शिकवशील गो? नळ नाय, पंखा नाय, कपाट नाय. कायच बंद करत नाय."

मुलगा लाजून लाल झाला. प्राजक्तानं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

हल्ली ती ऑफिसला वरसेहून येते.