बावीस नट, बावीस वांगी

गॅरेजात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी जात नाहीत. एक ग्रीस आणि दुसरे किस्से! सांगलीच्या ज्या गॅरेजात मी फिटर होतो, तिथं एका जुन्या लॉरीच्या इंजिनानं इतके किस्से सांडले, की मी अजून हात पुसतोय. आमचे मालक उस्ताद मीरासाहेब, टर्नर बापू आणि मी, असे आम्ही तिघं. वजन विचाराल तर पाच जणांचं भरेल.

●

लढाई नुकतीच संपली होती. मिलिटरीच्या मोडक्या लॉऱ्या लिलावात निघत होत्या. तासगावाकडचे ज्ञानू हवालदार पलटणीतून आले आणि साठवलेल्या पगारातून त्यांनी अशीच एक लॉरी घेतली. ती गॅरेजात आली ती चार बैल जुंपून!

उस्ताद दारात उभे. लॉरीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "हवालदार, ताकद किती हिची?"

हवालदार ताठ उभे राहून म्हणाले, "सध्या चार बैलांची. पुढचं तुमच्या हातात हाय!"

●

खर्चाचा आकडा आधी सांगायचा नाही, हा उस्तादांचा बाणा. हवालदार मात्र लय मागं लागले. "आवं उस्ताद, अंदाज तरी सांगा की."

"लढाईवर जाताना साहेबाला विचारलं होतं का, ही कवा संपणार म्हणून?"

"न्हाई."

"मग इंजनाला कशाला विचारता?"

इंजिन उघडलं आणि कळलं, की उस्ताद का बोलत नव्हते! पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, बेअरिंगं झिजलेली, व्हॉल्व जळलेले. रिंगा मुंबईहून मागवायच्या आणि त्यांचे भाव ऐकून बापू खालीच बसला. लॉरीत पलटणीचे पैसे गेले होतेच, आता इंजिनापायी सगुणावैनींच्या, म्हणजे हवालदारांच्या मंडळींच्या, सोन्याच्या पाटल्या सराफाकडे गहाण गेल्या.

हवालदार मान खाली घालून सांगत होते, "गुळाचा अडत्या म्हणतोय, दसऱ्याला लॉरी दारात उबी दिसली तर हंगामाचा समदा गूळ वाहायचं काम तुजं. न्हाईतर दुसऱ्याला देणार. गूळ गेला की पाटल्या गेल्या, उस्ताद."

उस्तादांनी लगेच मुंबईला रिंगांसाठी तार ठोकली.

●

त्याच दिवशी इंजिनाच्या तळातून मूठभर वाळू निघाली. हवालदारांनी ती तळहातावर घेतली आणि त्यांचे डोळेच भरून आले. "ही आफ्रिकेची वाळू! आमच्या तंबूत अशीच यायची. भाकरीत बी हीच!"

बापू माझ्या कानाशी लागला, "गड्या, ही तर कृष्णेची वाळू हाय. लिलावाआधी लॉरी नदीकाठालाच उबी होती."

उस्ताद हळूच म्हणाले, "गप रं. माणूस खूश हाय."

हवालदारांनी वाळू रुमालात बांधून घरी नेली. उस्तादांनी मोठ्या मनानं सांगितलं, "हिचे पैसे लावत न्हाई!"

●

आता आमच्या गॅरेजातला एक रिवाज सांगायलाच हवा. ज्याचं इंजिन उघडं, त्याच्या घरचं दुपारचं जेवण! इंजिन मिटलं की जेवण बंद. बाकीची गिऱ्हाइकं पिठलं पाठवायची, आम्ही आठ दिवसांत इंजिन मिटवायचो.

हवालदार सायकलवर डबा घेऊन यायचे. त्यात सगुणावैनींची भरली वांगी! शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला, वर तेलाचा तवंग आणि ज्वारीच्या पातळ भाकरी. पहिल्या दिवशी बापूनं डबा बोटानं पुसला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी.

मग काय झालं देव जाणे, काम लय बारकाईनं व्हायला लागलं! जो व्हॉल्व एका दिवसात घासून व्हायचा, त्याला चार दिवस लागले. एकदा तर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवून झालं, तरी उस्तादांनी पुन्हा काढायला लावलं. म्हणाले, "मला आवाज येतोय."

इंजिन अजून चालूच केलं नव्हतं, तर आवाज कुठला! पण मी कशाला बोलतोय? त्या दिवशी डब्यात वांग्यांबरोबर दही होतं.

●

दसरा दोन दिवसांवर आला आणि डबा घेऊन सगुणावैनी स्वतः आल्या. इंजिनापाशी खोकं पालथं घालून बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि झाकण धरूनच ठेवलं.

"उस्ताद, ह्या इंजनाच्या झाकणाला नट किती?"

"हेडला? बावीस."

"मग मोजून बावीस वांगी आणल्यात. एक नट, एक वांगं."

वैनींच्या हातात नुसता हिरवा चुडा होता. त्या म्हणाल्या, "माज्या पाटल्या ह्या इंजनाच्या पोटात आन माजी वांगी तुमच्या पोटात. आता कुनाचं तरी पोट बंद करा!"

लाजेनं मान वर होईना. पाना उचलला. एक नट आवळला, एक वांगं मिळालं. दुसरा नट, दुसरं वांगं. बापू मोठा हुशार. म्हणाला, "वैनी, हेड दोनदा आवळाय लागतंय बरं का!"

"आवळा की. दुसऱ्या फेरीला भाकरी!"

दिवस मावळायच्या आत इंजिन मिटलं. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी हँडल मारलं आणि तिसऱ्या झटक्याला लॉरी अशी गरजली, की शेजारच्या सायकलवाल्यानं दुकान सोडून रस्ता गाठला. दसऱ्याला ती झेंडूची माळ घालून अडत्याच्या दारात उभी होती.

●

हंगाम संपला. एक दिवस तीच लॉरी आमच्या दारात आली. हवालदार चालवत होते, शेजारी सगुणावैनी, मांडीवर डबा.

आम्ही तिघं पान्यासकट बाहेर! उस्तादांनी बोनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. डोळे मिटले. डब्याकडून वास येत होता.

बराच वेळ ऐकून गंभीरपणे म्हणाले, "वैनी, आवाज येतोय."

वैनींनी दोन्ही हात वर करून हलवले. हिरव्या चुड्यावर सोन्याच्या पाटल्या किणकिणल्या.

"ह्यो व्हय? ह्यो ऱ्हाऊ द्या, उस्ताद. हात धुवा आन जेवाय बसा."