बाजूला ठेवलेले मोदक

नटीने माझ्या आईचं वाक्य वाचलं आणि अख्खी खोली हसली.

वाक्य हसण्यासारखं नव्हतं. "माझे मोदक मला द्या. तुमच्या देवाला चालत नसतील, पण माझ्या घरी खाणारी माणसं आहेत." एवढंच. स्क्रिप्ट इंग्रजीत, म्हणून वाक्यही इंग्रजीत. नटीने ते मान डोलावत, डोळे मोठे करून, एकेका शब्दाला हेलकावे देत वाचलं. इथल्या जुन्या विनोदी मालिकांमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातली इंडियन बाई बोलायची ना, तसं. परीक्षकांपैकी एकाने तर डोळे पुसले.

मीही हसले. तोंड आपोआप हसतं. इतकी वर्षं जीपीच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, रिसेप्शनवर बसून तोंडाला तसं वळणच लागलंय. समोरचा पेशंट काहीही बोलो, आपले दात दिसले पाहिजेत.

मध्य लंडनमधल्या एका थिएटरच्या वरच्या मजल्यावर पटकथा स्पर्धेची अंतिम फेरी चालली होती. निवडलेल्या स्क्रिप्टची थोडी थोडी पानं खरे नट टेबलाभोवती बसून वाचतात. लेखक भिंतीला टेकून ऐकतात. मी नवी साडी नेसून गेले होते. तिथे सगळे जीन्समध्ये. मी कुणाच्या तरी लग्नाला निघालेली आणि वाट चुकलेली.

पहिल्या पानावर मी स्पष्ट लिहिलं होतं : ही सगळी माणसं आपसात मराठीत बोलतात, इंग्रजी फक्त वाचणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, कुणीही अ‍ॅक्सेंट लावू नये. ते पान कुणी उघडलं नसावं. किंवा उघडलं असेल आणि वाटलं असेल, बाईला काय कळतंय.

हा नाद मला चाळिशीनंतर लागला. आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. कोण कुणाच्या लग्नात रुसलं, कोणाचा दात कुठे पडला, सगळं मी सांगायचं आणि बाकीच्यांनी जेवायचं. नवरा एकदा म्हणाला, "अगं, लिहून काढ ना कुठेतरी, मला मॅच बघू दे." मी मनावर घेतलं. टीव्हीत शिरायचं तर ओळख लागते. ओळख नसेल तर स्पर्धा. म्हणून दिसेल त्या स्पर्धेला स्क्रिप्ट पाठवायचे. उत्तर ठरलेलं यायचं : यंदाच्या प्रवेशिकांच्या दर्जाने आम्ही भारावून गेलो. ते दरवर्षी भारावायचे आणि दरवर्षी मला विसरायचे.

तरी मी पाठवत राहिले, कारण एक गोष्ट मला फार आवडायची. स्क्रिप्टवर नाव लिहायचं नाही, असा नियम. वाचणाऱ्याला लेखक कोण ते कळता कामा नये. मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे माणूस दारात उभा राहिला की आधी त्याचं गाव, मग वाडी, मग आडनाव, मग पाण्याचा तांब्या. तांब्या येईल की नाही ते मधल्या उत्तरांवर. आणि इथे म्हणे, नाव सांगितलंत तर बाद. स्वर्गच की.

यंदा पाठवली ती आईची गोष्ट, खरी घडलेली, असं अर्जातही लिहिलं. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे, लंडनच्या टोकाला पिनरला आली होती. शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली. जवळच्या स्टॅनमोरच्या एका मराठी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला गणपतीला बोलावलं. आम्ही बौद्ध, घरी गणपती बसवत नाही, पण प्रेमाने बोलावलं की जातो. स्वयंपाकघरात बायका मोदक वळत होत्या. उकड कुणाला जमेना. आई बाही वर करून बसली. तिच्या हाताला अशा बारीक कळ्या पडतात की बायका फोटो काढायला लागल्या.

बाईंनी कौतुकाने विचारलं, "आजी, रत्नागिरीच्या कुठल्या तुम्ही?"

आईने गाव सांगितलं.

"अय्या, आमचं मूळ गाव तिथून जवळच. गावात कुठे?"

"बौद्धवाडीत," आई म्हणाली. पोस्टमनला सांगावं तशी.

वाकडा शब्द कुणी काढला नाही. सगळ्या शिकलेल्या. बाई फार गोड हसल्या. "आजी, दमला असाल. तुम्ही बाहेर बसा ना, टीव्ही लावून देते." आणि आईने वळलेले मोदक त्यांनी हलक्या हाताने एका ताटलीत काढले, वर प्लास्टिकची पातळ क्लिंग फिल्म लावली आणि फ्रिजमध्ये ठेवले. मोदकपात्रात बाकीच्यांचे गेले. वाकडे, तोंड उघडलेले, सारण गळणारे. देवाला ते चालले.

आरती झाली, प्रसाद झाला, निघायची वेळ झाली. आई कोट घालून थेट स्वयंपाकघरात गेली आणि ते वाक्य बोलली. आवाज न चढवता. ताटली हातात घेतली. घरी येऊन आम्ही ते मोदक उकडले आणि वर तूप घालून खाल्ले. एक उरला नाही.

ती ताटली, तो फ्रिज, ते वाक्य. माझ्या स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं. आणि ह्या वाक्यावर ते लोक हसले.

वाचन संपल्यावर चहाला एक मुलगी धावत आली. अदिती. एका निर्मिती संस्थेत गोष्टी निवडायचं काम करते, परीक्षकांमध्ये होती. इथेच जन्मलेली, आईवडील दोघं डॉक्टर. "काकू, तुम्ही मराठी! मला एवढा आवडला तुमची स्क्रिप्ट. माझी मम्मी पण मोदक करते, एव्हरी इयर." चेहरा निर्मळ. मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "पण ऑनेस्टली काकू, असं आता कोण करतं? मी तर कधीच नाही बघितला."

"तुला कशाला दिसेल गं?" मी म्हणाले. "तुमचे मोदक पात्रात जातात."

ती हसली. तिला तो विनोद वाटला.

मग आत बोलावलं. परीक्षकांचे प्रमुख ज्युलियन, साठीचे, गळ्यात मफलर. ते इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगते. सांगताना त्यांना नाकात बोलायला लावता आलं असतं. तसं करत नाही.

ते म्हणाले, तुमची स्क्रिप्ट आम्हाला पहिली आणायची आहे. चॅनेलकडे न्यायची आहे. फक्त दोन गोष्टी. एक, ती यजमानीण इंग्रज शेजारीण करा. गल्लीतली पार्टी, आजी पदार्थ घेऊन येते, शेजारीण तो बाजूला ठेवते. प्रेक्षकाला लगेच कळेल. भारतीयांनी भारतीयांशी असं का वागावं, हे समजावताना अर्धा तास जाईल. दोन, आजीचा विनोद वाढवा. आज बघितलंत ना, खोली कशी तिच्या प्रेमात पडली.

अदितीने मान हलवली. "काकू, हे इझी फिक्स आहे. आणि आपल्या लोकांना पण वाईट नाही वाटणार."

आपल्या लोकांना. मी त्या शब्दापाशी अडकले.

खोटं कशाला बोलू, मोह झाला. टीव्हीवर नाव. नवऱ्याने मॅच सोडून बघितलं असतं. इंग्रज शेजारणी काय कमी पाहिल्यात मी? दुसऱ्या कुठल्या स्क्रिप्टमध्ये त्यांनाही घेईन. पण त्या दिवशी त्या फ्रिजचं दार कुठल्या शेजारणीने उघडलं नव्हतं.

मी डोकं खाली घालून टिपणं घेत होते. शहाण्या विद्यार्थिनीसारखी. तेवढ्यात ज्युलियननी विचारलं, "तुमची आई प्रत्यक्षात हे कसं म्हणाली? तिच्या स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत?"

मी पेन खाली ठेवलं.

"ती इंग्रजीत बोललीच नाही," मी म्हणाले. "ती मराठीत बोलली. मराठीची मास्तरीण आहे ती. त्या घरात तिच्याइतकी चांगली भाषा कुणालाच येत नव्हती."

"अर्थात, अर्थात. पण पडद्यावर..."

"पडद्यावरही ती तशीच बोलेल. ज्या बाईने मोदक बाजूला ठेवले ती मराठी आहे, मराठीच राहील. आणि माझ्या आईला कुणी हसायचं नाही."

"काकू," अदिती हळूच म्हणाली, "पहिला नंबर आहे हा."

"असू दे. मी स्क्रिप्ट परत घेते."

ज्युलियन समजुतीने म्हणाले, घाई नको, विचार करा. मी म्हटलं, झाला विचार. हसले नाही. तोंड जड लागत होतं, दाताच्या डॉक्टरकडून आल्यासारखं.

पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. चांगली होती ती स्क्रिप्ट, मी टाळ्या वाजवल्या.

पिनरला उतरून घराकडे चालत होते तेव्हा मुलीचा फोन आला. ती एडिनबराला शिकते.

"आई, तू जिंकला?"

"नाही. परत घेतली."

सगळं ऐकून ती वैतागली. "अगं आई, एकदा आत जा ना. नंतर मग खरी गोष्ट लिही. सगळे तसंच करतात."

"आणि तोपर्यंत आजी कोण? ती मान डोलावणारी बाई?"

मला तिचा राग नव्हता. तिला आत जायची घाई आहे, मलाही होती. पण मला एक कळलं होतं आणि ते आता पुसलं जाणार नाही. दार उघडणाऱ्यांची अट इंग्रजीत आली काय, मराठीत आली काय, अट एकच होती : ज्याने केलं त्याचं नाव घेऊ नका.

मी घेणार. पुढच्या स्पर्धेला हीच गोष्ट जाईल, त्याच्या पुढच्यालाही. नाकारतील. नाकारू देत. कुणीच घेतली नाही तर मी हॅरोचा एखादा हॉल घेईन, खुर्च्या मांडीन, स्टॅनमोरच्या बाईंना पहिल्या रांगेत बोलावीन आणि स्वतः उभी राहून वाचीन. मराठीत. त्या बसल्या असतील तरी वाचीन. उठून गेल्या तरी वाचीन.