कॅमेऱ्यावरचे कुंकू

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते रत्नागिरीहून आमच्याकडे, इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायला आले, तेव्हा सामानात त्यांची शिट्टीही होती. आमच्या इमारतीत पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये गाडी उलटी घालावी लागे. बाबा मागे उभे राहत. आखूड शिट्ट्या म्हणजे येऊ दे, लांब शिट्टी म्हणजे थांब, आणि शेवटी डिकीवर एक थाप. घरात त्यांच्यावाचून अडत असे ते एवढ्यापुरतेच.

दोन हजारचे दशक संपत आले असताना मी नवी गाडी घेतली. तिला मागे कॅमेरा होता, पुढे लहानसा पडदा. मी उत्साहाने म्हणालो, "बाबा, आता तुम्हाला खाली यायचा त्रास नाही."

"म्हणजे दुसऱ्यांदा रिटायर," ते हसून म्हणाले आणि त्यांनी शिट्टी खुंटीला अडकवली.

दसऱ्याला मात्र गाडीची पूजा त्यांनीच केली. झेंडूचा हार घातला, तेलात कालवलेल्या कुंकवाने मागे स्वस्तिक काढले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर लालसर धुके दिसू लागले आणि कॅमेरा तपासण्याची सूचना टूं टूं करत लुकलुकू लागली. वायरिंग बिघडले असावे, असे मला वाटले. गॅरेजवाल्याने फ्यूज पाहिला, जोडण्या हलवून पाहिल्या, मग मागे वाकला आणि हसतच सुटला.

"साहब, कॅमेरे को टीका किसने लगाया?"

त्याने फडके काढले. मी म्हणालो, "रहने दो."

घरी सांगितले की, सुटा भाग यायला वेळ लागेल. बाबांनी शिट्टी उतरवली. त्यानंतर माझी गाडी फाटकात शिरण्याआधीच ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खाली उभे असत.

"क्या बाबा, ड्यूटी चालू?" वॉचमन विचारी.

"मशीन बीमार है. बदलीवर आलोय!"

दिवाळीनंतर आम्ही उत्तनजवळच्या चौक गावी त्यांच्या जुन्या ड्रायव्हरला भेटायला गेलो. परतताना चाकात हवा भरायला त्याच गॅरेजपाशी थांबलो. गॅरेजवाला मागे गेला आणि ओरडला, "अरे साहब, अभी तक वैसा ही? उस दिन मैं पोंछ रहा था, आपने ही रोका!"

फडक्याचा एक हात फिरला आणि पडदा स्वच्छ झाला. बाबा त्या पडद्याकडे पाहत राहिले.

 घराच्या फाटकाशी ते म्हणाले, "लहानपणी तुला ड्यूटीवर न्यायचो. रद्द झालेली तिकिटं आणि पंच हातात द्यायचो. आठवतंय?"

"हो."

"एक पॅसेंजर सोडायचा नाहीस. सगळे तुझ्याकडून पंच करून घ्यायचे." ते दार उघडून उतरले. "पाच वर्षांचा होतास तू."

ते मागे उभे राहिले नाहीत; सरळ जिन्याने वर गेले.

त्यांना आनंद द्यावा म्हणून मी ते केले, अशी माझी समजूत होती. आता तिच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. रोज संध्याकाळी गाडीतून उतरताना मला स्वतःचा चांगुलपणा जाणवत असे, आणि तो मला आवडत असे. ज्या माणसाने आयुष्यभर भरलेली एस.टी. घाटात मागे घेववली, त्याला मी खेळायला लावले होते.

वर गेल्यावर मी त्यांची माफी मागितली.

"कसली?" वर्तमानपत्रातून डोके न काढता ते म्हणाले. "गाडी नीट लागली ना?"